"किचनची भिंत तोडू देत नाहीत, पावसाळ्यात टॉवर हलतो" या दोन स्टारच्या रिव्ह्यूला बिल्डर कंपनीच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला. तुम्ही लिहिलंय की २७ व्या मजल्यावर एवढे पैसे मोजून घर घेतलं आणि हॉल-किचनमधली एक भिंत काढायची म्हटलं तर सोसायटी आणि बिल्डर दोघं आडवे येतात, जोराच्या वाऱ्यात हॉलमधला टांगलेला दिवा हलतो, पझेशन आठ महिने उशिरा मिळालं, आणि रिफ्यूजचा अख्खा मजला उगाच रिकामा ठेवलाय. उत्तर स्वतः देतोय, ऑफिसमधल्या कोणाला सांगितलं नाही.

आधी चूक सांगतो. बुकिंगच्या वेळी आमच्या सेल्सच्या मुलाने तुम्हाला "नंतर ओपन किचन करून घ्या" असं सांगितलं हे तुम्ही लिहिलंय, मी त्याला विचारलं आणि तो हो म्हणाला. हे त्याने बोलायला नको होतं आणि आम्ही त्याला तसं शिकवलं नव्हतं ही आमचीच कमी, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ती भिंत मी तोडू देऊ शकत नाही. माझ्या वडिलांनी नौपाड्यात चार मजली बिल्डिंगी बांधल्या, तिथे वजन कॉलम आणि बीमवर असायचं आणि आतली साडेचार इंची विटेची भिंत फक्त आडोसा, त्यामुळे ठाण्यातल्या कितीतरी घरांत लोकांनी भिंती पाडून हॉल मोठे केले आणि काही झालं नाही. तीच सवय आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. आपला टॉवर मात्र मिवानमध्ये बांधलाय, म्हणजे ॲल्युमिनियमचे पॅनल उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच ओतायचे, त्या ओतलेल्या भिंतींत वीट नसते. तुमच्या किचनची ती भिंत शिअर वॉल आहे, ती पायापासून टेरेसपर्यंत सलग गेलीये आणि वारा असो की भूकंप, आडवा जोर तीच अंगावर घेते. डिझाईन करताना ठाणं भूकंपाच्या झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, धरलंय. तुम्ही २७ व्या मजल्यावर ती कापलीत तर वरच्या पाच मजल्यांची आणि खालच्या सगळ्यांची भिंत कापल्यासारखं आहे.

गेल्या वर्षी ११ व्या मजल्यावर एसीच्या पाईपसाठी एका कॉन्ट्रॅक्टरने अशाच भिंतीत ग्राइंडरने आडवी झिरी पाडली. वॉचमनने आवाज ऐकून फोन केला, मी पोहोचेपर्यंत दोन सळ्या कापून झाल्या होत्या. कन्सल्टंटला बोलावून सळ्या जोडल्या, मायक्रो काँक्रीट भरलं, टेस्ट केल्या. त्यातला वीतभर सळईचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवलाय, कापलेलं टोक अजून चकचकीत आहे, कोणी भिंतीचा विषय काढला की मी तो हातात देतो.

हलण्याबद्दल, तुम्हाला भास होत नाहीये, उंच टॉवर वाऱ्यात थोडा हलतोच. बांधकामाच्या कोडमध्ये उंचीच्या पाचशेव्या भागापर्यंत चालतं, म्हणजे शंभर मीटरला २० सेंटीमीटर, आपलं डिझाईनचं गणित त्याच्या बरंच आत आहे. भिंती कापत गेलो तर मात्र तेच हलणं वाढणार. रिफ्यूज मजला आगीच्या वेळी माणसांनी येऊन थांबायला आहे, २४ मीटरच्या वर पहिला आणि मग दर १५ मीटरला, तिथे सायकली ठेवायलासुद्धा देणार नाही.

उशीर झाला हे खरंय. खोदताना काळा दगड लागला, बाजूला जुन्या बिल्डिंगी म्हणून सुरुंग लावता येत नव्हता, सगळा ब्रेकरने फोडावा लागला आणि खड्ड्यात पाणी एवढं यायचं की पंप रात्रंदिवस चालू, तलावांच्या गावात हे आम्ही तारीख देतानाच धरायला हवं होतं. रेरा कायद्याप्रमाणे उशिराचं जे व्याज बसतं ते शेवटच्या हप्त्यातून वळतं केलंय, हिशोबाचा कागद मिळाला नसेल तर लगेच पाठवतो.

आता किचनचं. ड्रॉइंग काढून बघितलं, किचन आणि पॅसेजमधली छोटी भिंत ब्लॉकची, फक्त आडोशाची आहे, ती काढता येते आणि ओटा फिरवला तर हॉलमधून बोलता येईल एवढं मोकळं होईल. रविवारी अकराला मी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर तुमच्याकडे येतो, कोणती भिंत काढायची आणि कोणत्या भिंतीला हात लावायचा नाही ते तिथेच खडूने मार्क करू, सोसायटीचं पत्रही आणतो. पाडायचा आणि ओट्याचा खर्च आमच्याकडे. तोपर्यंत कोणाला ड्रिलसुद्धा मारू देऊ नका ही विनंती.