आतड्याला मळाचा थर बसत नाही

विश्रामबागच्या आमच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: मोठ्या आतड्यातल्या बारीक केसांत वर्षानुवर्षांचा मळ अडकतो, नळाच्या पाइपला क्षार धरावेत तसा भिंतीला पाच किलोचा थर बसतो, आणि इसबगोल-बेंटोनाइट मातीची अमुक पावडर घेतली की तो दोरीसारखा पडतो. सोबत फोटो. माझा दिवस मिरजेत लॅबमध्ये आतड्याच्या स्लाइड्स बघण्यात जातो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी ते ‘केस’. त्यांना व्हिलाय म्हणतात, उंची जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर, आणि ते असतात लहान आतड्यात. तिथला ऐवज पातळच असतो. मळ घट्ट होतो मोठ्या आतड्यात, आणि तिथे व्हिलाय नसतातच. मग अडकणार कशात?

पाइपचं म्हणाल, तर पाइप निर्जीव असतो. मोठ्या आतड्याची स्लाइड लावली की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या गॉब्लेट पेशी: गुलाबी-जांभळ्या रंगात मधेमधे फुगलेले पांढरट ठिपके. त्यांच्यातला बुळबुळीत श्लेष्मा आमचा नेहमीचा रंग फारसा धरत नाही, म्हणून त्या रिकाम्या दिसतात. हाच श्लेष्मा भिंतीवर सतत पसरत असतो. त्याचा आतला दाट थर जिवाणूंनाही सहसा भिंतीपर्यंत पोचू देत नाही, तिथे मळाची काय कथा! शिवाय अस्तरातल्या नळीसारख्या बारीक ग्रंथींच्या बुडाशी मूळपेशी (नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशी) अखंड विभागत असतात. नव्या पेशी वर सरकतात, जुन्या गळून जातात, आणि साधारण 3 ते 5 दिवसांत अस्तर नवं होतं. वर्षांचा थर धरायला तेवढी जुनी भिंत तरी हवी ना.

तातडीच्या ऑपरेशनमधलं, आधी पोट साफ न केलेलं आतडंही लॅबमध्ये येतं. उभं चिरून नळाखाली धरलं की मळ वाहून जातो, खाली ओलं, चकचकीत अस्तर. बद्धकोष्ठात मळ साचतो हे खरं, पण तो मधल्या पोकळीत. महिनोन्महिने त्रास असेल किंवा रक्त पडत असेल तर डॉक्टर गाठा, पावडर नको.

पाच किलोचा आकडा कुठून आला, देव जाणे.

राहिला फोटो. इसबगोल पाणी पिऊन फुगतं, माती त्याला दाटपणा देते, आणि आतड्यातून सरकताना त्या लगद्याला आतड्याचाच आकार येतो. खात्री करायची तर चमचाभर पावडर ग्लासभर पाण्यात भिजवून ठेवा. तसलाच चिकट गोळा पोटात न जाताच तयार होईल.