५० केबीचा फोटो, १००० रुपयांची फी

सरकारी नोकरीच्या सरळसेवा भरतीचा फॉर्म भरताना निम्मा जीव अपलोडमध्येच जातो. आयबीपीएस या भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा वेगळा आणि वर इंग्रजीत हाताने लिहिलेलं घोषणापत्र. मोबाइलचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो थेट दाबून लहान केला की चेहरा फुटतो. म्हणून आधी २०० बाय २३० पिक्सेलला कापायचा, मग क्वालिटी उतरवायची. सही कॅपिटल अक्षरांत केली की बाद! हे सगळं सूचनांच्या पानात खोल कुठेतरी असतं, अपलोडच्या बटणाशेजारी का नाही?

नावाचा घोळ तर कायमचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. फॉर्ममध्ये एक रकाना चुकला की कागदपत्र पडताळणीत अडकलात. आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्याच्या वैधतेची तारीख पुन्हा निराळीच.

आणि फी! २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १०००, राखीवला ९०० रुपये. त्याच वर्षी जिल्हा परिषदेच्या भरतीत प्रत्येक पदासाठी पुन्हा स्वतंत्र फी. परत मिळत नाही. शेतमजुराच्या पोराने तीन पदांना अर्ज केला तर घरातला किराणा थांबतो. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो, पैसे कापले जातात, पावती येत नाही. बेरोजगारांकडूनच परीक्षेचा खर्च काढायचा हे कुणाला पटतं? फी १०० रुपयांवर आणा. केंद्राच्या नोकरभरती करणाऱ्या स्टाफ सिलेक्शन कमिशनला तेवढ्यात जमतं.