स्लॅब आणि स्लॉब काढल्याने लिनक्सचं नेमकं काय गेलं?

लिनक्स कर्नलबद्दल, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबद्दल, एक दावा सध्या बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: मेमरी विभागातला वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला कोड निव्वळ सुटसुटीतपणाच्या हौसेपायी रातोरात काढून टाकला, त्यामुळे लोकांचे पर्याय गेले, छोटी उपकरणं वाऱ्यावर पडली आणि वेगही घटला. रोख आहे तो स्लॉब (2023, आवृत्ती 6.4) आणि स्लॅब (2024, आवृत्ती 6.8) या दोन अलोकेटरांवर, म्हणजे मेमरीचे तुकडे वाटून देणाऱ्या कोडवर. या दाव्यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही, आणि जे थोडं टिकतं त्याचंही उत्तर मिळालेलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कर्नलला सतत छोटे तुकडे लागतात, उघडलेल्या फाइलची नोंद, नेटवर्कचं पॅकेट, प्रोसेसची माहिती. प्रत्येकासाठी 4096 बाइटचं अख्खं पान देणं परवडत नाही, म्हणून पानाचे तुकडे पाडून देणारा अलोकेटर लागतो. लिनक्समध्ये असे तीन होते: सन कंपनीत जेफ बॉनविकने मांडलेल्या रचनेवर उभा स्लॅब, अगदी लहान यंत्रांसाठीचा स्लॉब आणि 2007 मध्ये ख्रिस्टोफ लॅमीटरने आणलेला स्लब. आता फक्त स्लब उरला आहे.

‘रातोरात’ हा शब्द तर सरळ चुकीचा आहे. स्लॅबवर ‘लवकरच जाणार’ अशी खूण 6.5 मध्येच केली होती आणि कुणाला तो हवाच असेल तर कारण कळवा, असंही त्यासोबत लिहिलं होतं.

‘पर्याय गेले’ हा मुद्दा ऐकायला पटतो, पण तो पर्याय होता कुणाला? अलोकेटर कर्नल बांधतानाच ठरतो. घरी डिस्ट्रो, म्हणजे आधीच बांधून मिळणारं तयार लिनक्स, वापरणाऱ्याला निवड नव्हतीच. उलट या निवडीची किंमत कर्नलमधला प्रत्येक जण मोजत होता. केमॅलॉकने (हव्या त्या आकाराचा तुकडा देणाऱ्या कर्नलच्या फंक्शनने) दिलेल्या तुकड्याच्या आधी स्लॉब त्याचा आकार लिहून ठेवायचा. पण एका ठरावीक प्रकारच्या वस्तूंसाठी राखलेल्या कॅशमधून तुकडा दिला, तर जागा वाचवायला तो आधी काहीच लिहीत नसे. आता असा तुकडा केफ्रीने, म्हणजे केमॅलॉकचा तुकडा परत करणाऱ्या फंक्शनने, सोडायला गेलात तर काय होईल? तुकड्याच्या आधी मेमरीत जे काही पडलं असेल तेच आकार म्हणून वाचलं जाईल, आणि हिशेब बिघडेल. स्लॅब आणि स्लबमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण पत्त्यावरून पान आणि पानावरून कॅश त्यांना सापडते. म्हणजे चुकीचा कोड लिहिणाऱ्याच्या यंत्रावर तो छान चालायचा आणि फुटायचा तो कुठल्यातरी स्लॉबवाल्या बोर्डावर. फार थोडे लोक वापरत असलेल्या एका अलोकेटरसाठी सगळ्या ड्रायव्हरांनी आणि फाइलसिस्टिमांनी ‘कॅशमधला तुकडा केफ्रीने सोडायचा नाही’ हा नियम पाळायचा! स्लॉब गेला आणि हा नियमही गेला. आरसीयूची (वस्तू वाचणारे सगळे बाजूला होईपर्यंत ती मोकळी न करण्याच्या कर्नलच्या पद्धतीची) मुदत संपल्यावर एखादी वस्तू तिच्या कॅशला परत करायची, एवढ्याच कामासाठी जागोजागी लिहिलेली छोटी फंक्शनंही त्यामुळे काढता आली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा फायदा हाच, आणि दावा करणारे नेमके त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

‘चालतंय त्याला हात कशाला?’ कारण त्याच्या आजूबाजूचं बदलत होतं. 5.17 मध्ये अलोकेटरांच्या ताब्यातल्या पानांची नोंद सर्वसाधारण पानांच्या नोंदीपासून वेगळी केली, तेव्हा ते काम तिन्ही अलोकेटरांत करावं लागलं. ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देण्याची हमी लागणाऱ्या रिअल-टाइम कर्नलला तर स्लबशिवाय दुसरा चालतच नव्हता. स्लॅबच्या सुमारे 4000 ओळी नुसत्या पडून नव्हत्या, प्रत्येक बदलात त्या सांभाळाव्या लागत होत्या.

छोट्या उपकरणांचं म्हणाल तर स्लॉब काढण्याआधीच, 6.2 मध्ये, स्लबची ‘टायनी’ मांडणी आली. ती 16 एमबी किंवा त्याहून कमी रॅमच्या यंत्रांसाठीच आहे. स्लॉबइतकी काटकसर तिला जमत नाही, हे मान्य. पण जागा शोधायला रिकाम्या तुकड्यांची यादी चाळत बसण्याची स्लॉबची सवय आणि त्यातून होणारे मेमरीचे बारीक तुकडे, हेही हिशेबात धरायला हवं.

राहिला वेग. इथे दाव्यात तथ्य आहे: काही नेटवर्क कामांत स्लॅब खरोखरच सरस ठरायचा, कारण प्रत्येक सीपीयूपाशी तो मोकळ्या तुकड्यांची रांग तयार ठेवायचा. पण नोड, म्हणजे मोठ्या यंत्रातले स्वतःची मेमरी जवळ असलेले सीपीयूंचे गट, वाढले की या रांगाही बेसुमार वाढायच्या. हजार नोडच्या यंत्रांवर फक्त या रांगांच्या नोंदींत काही जीबी अडकून पडतात, हेच लॅमीटरने स्लब आणताना दिलेलं कारण होतं. शिवाय त्या रिकाम्या करायला दर काही सेकंदांनी सीपीयूला वेळ द्यावा लागे. तरीही त्यातली मूळ कल्पना चांगली होती, आणि ती वाया गेलेली नाही. 2025 च्या 6.18 मध्ये स्लबला ‘शीव्ह्ज’ नावाच्या सीपीयूनिहाय रांगा मिळाल्या, ज्या कॅशला हव्या असतील तिच्यापुरत्या. स्लॅबमधल्या, दुसऱ्या नोडच्या तुकड्यांसाठीच्या वेगळ्या रांगा मात्र त्यांत घेतलेल्या नाहीत.