म्हणे, नुसतं 'सेव्ह ॲज' तर करायचंय!

आमच्या कंपनीतल्या सगळ्या जुन्या डॉक (वर्ड) आणि एक्सएलएस (एक्सेल) फायली नव्या डॉकएक्स-एक्सएलएसएक्स फॉरमॅटमध्ये न्यायचं फर्मान निघालंय. हा नवा फॉरमॅट आला 2007 च्या ऑफिसबरोबर! इतकी वर्षं झोपा काढल्या आणि जाग आली ती ऐन मार्चएंडला. वर साहेब म्हणतात, "नुसतं 'सेव्ह ॲज' तर करायचंय, त्यात काय एवढं?"

काय एवढं? कन्सल्टंटने रात्रीतून सगळ्या एक्सेल फायली सरसकट एक्सएलएसएक्स करून टाकल्या. अहो, एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, राहतच नाहीत, त्यासाठी एक्सएलएसएम लागतं! पगाराच्या शीटवरचं बटण दिसतंय जागच्या जागी, पण दाबलं की मॅक्रो सापडत नाही. तो मॅक्रो लिहिणारे काका कधीच रिटायर झाले.

त्याहून भयंकर म्हणजे एका फाइलमधून दुसरीत आकडे आणणाऱ्या लिंका. गोदामवाले इमानदारीत नवी फाइल भरताहेत आणि वरची समरी अजून जुन्या एक्सएलएसमधूनच आकडे उचलतेय. एरर नाही, काही नाही. मीटिंगमध्ये शिळा स्टॉक ऐटीत झळकतो आणि शिव्या आम्हाला! एका शीटमधल्या ओळी 65,536 वरून 10,48,576 झाल्या म्हणून पेढे वाटायचे का आता?

आणि मराठी कागदांचं तर विचारूच नका. कामगारांच्या नोटिसा, युनियनबरोबरचे करार, सगळं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा. कुठे श्रीलिपी, कुठे कृतिदेव. कन्व्हर्टर फक्त फाइलचा फॉरमॅट बदलतो, आतली अक्षरं तशीच राहतात. नव्या लॅपटॉपवर ते फॉन्टच टाकलेले नाहीत, त्यामुळे उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, आणायचं तर वेगळं सॉफ्टवेअर, आणि त्यानंतरही रफार भलत्याच अक्षरावर, पहिली वेलांटी एक घर पुढे. करारातली ओळन् ओळ मूळ कागदाशी ताडून बघावी लागते. ते कोण बघणार? आयटीवाले म्हणतात, "भाषा आमच्याकडे येत नाही." एचआर म्हणतं, "फॉन्ट आमच्याकडे येत नाही."

पासवर्ड घातलेल्या फायली तर कन्व्हर्टरने सरळ सोडून दिल्या. त्यांची यादी मागितली तर कन्सल्टंट म्हणतो, ते स्कोपमध्ये नव्हतं! बिल मात्र पास झालंय. आणि 'सर्व फायली तपासल्या, बरोबर आहेत' या फॉर्मवर सही कोणी करायची, तर आम्ही. मी करणार नाही. काय करायचं ते करा.