इंजिनिअर ताईंना शाळेत बोलवताय? शाल-श्रीफळ राहू द्या, तांब्याची तार आणा

महिला इंजिनिअरला शाळेत बोलवायचं म्हटलं की तारीख ठरलेली: 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन, नाहीतर 8 मार्चचा महिला दिन. नेमकी तेव्हा दहावी बोर्डाच्या परीक्षेत अडकलेली असते. ज्या मुलींना तीन महिन्यांत पुढची वाट निवडायची आहे, त्याच समोर नसतात. त्यापेक्षा 15 सप्टेंबरचा अभियंता दिन धरा. अख्खी शाळा सभागृहात कोंबू नका. नववी-दहावीची तीस मुलं, दीड तास, आणि प्रत्येकाच्या हातात काम, एवढं पुरतं.

काम कोणतं? मोटार बनवणं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात 26 गेजची वार्निशवाली तार वजनावर मिळते. एका मुलीला एक मीटर द्या. शिवाय एक पेन्सिल सेल, दोन सेफ्टी पिना, एक चपटं लोहचुंबक, सायकलच्या ट्यूबची एक पट्टी आणि पॉलिश पेपरचा तुकडा. सेलवरच तारेचे दहा-बारा वेढे घ्यायचे, ते वेटोळं सेलवरून सरकवून काढायचं आणि त्याची दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची. ट्यूबच्या पट्टीने पिना सेलच्या दोन टोकांना घट्ट बसवायच्या, सेलवर चुंबक ठेवायचं आणि पिनांच्या भोकांत वेटोळं टांगायचं.

इथे निम्म्यांची मोटार फिरत नाही, आणि खरं शिकणं इथूनच सुरू होतं. तारेचं एक टोक पूर्ण घासायचं असतं, दुसरं मात्र अर्ध्याच बाजूने. उत्साहात दोन्ही टोकं पूर्ण घासली की वेटोळं नुसतं थरथरतं. कारण अर्ध्या फेरीत चुंबक त्याला पुढे ढकलतं आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे ओढतं. एका बाजूचं वार्निश ठेवलं, की त्या उलट्या अर्ध्या फेरीत वीजच बंद होते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. वार्निश अजिबातच निघालं नसेल तर काहीच हलत नाही. वेटोळं एका अंगाला जड असेल तर हेलकावे खाऊन थांबतं. बोटाने हलकी टिचकी देऊन सुरुवात करून द्यावी लागते. दहा सेकंदांहून जास्त वेळ जोडून ठेवू नका, सेल तापतो.

या वेळी ताईंनी बाकांमधून फिरावं, पण एकाही मुलीचं वेटोळं स्वतः दुरुस्त करू नये. "कुठली बाजू घासलीस?" एवढंच विचारावं. बिघाड शोधणं हेच इंजिनिअरचं रोजचं काम आहे, आणि ते मुलींना भाषणातून कळत नाही.

उदाहरण द्यायचंच तर ए. ललिता यांचं द्या. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर तान्ही मुलगी, आणि 1943 साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून विद्युत अभियांत्रिकी. पण "भारतातली पहिली महिला इंजिनिअर" यावर थांबू नका. भाक्रा-नांगल धरणाच्या पारेषण वाहिन्या (दूरवर वीज नेणाऱ्या तारा) आणि उपकेंद्रांच्या आखणीवर त्यांनी काम केलं, हे सांगा. वाहिनी कुठून न्यायची, उपकेंद्रात कुठलं यंत्र कुठे बसवायचं, हा हिशोब एका बाईने टेबलावर बसून केला, हे मुलींच्या डोळ्यांपुढे उभं राहायला हवं.

शेवटची वीस मिनिटं वाटांसाठी ठेवा, आणि त्या वेळी पालकही हवेत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश: ही वाट गावाकडच्या कितीतरी घरांना माहीतच नसते. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना 2024-25 पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. होस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा, तोही आधीच सांगा. एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, मुलींसाठीच्या प्रगती शिष्यवृत्तीतून वर्षाला 50,000 रुपये मिळू शकतात. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात, आणि हुशार मुलीची जागा एका कागदापायी जाते.

आणि जाताना उरलेली तार शाळेतच ठेवून जा. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी बाराऐवजी वीस वेढे घालून बघायचे असतात.