मराठी मजकुराचं चित्र करू नका: 'क्लीन वेबसाइटचे ६ नियम' या फॉरवर्डला उत्तर

'मॉडर्न, क्लीन वेबसाइटचे ६ नियम' हा फॉरवर्ड पुण्यातल्या दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या, घरगुती ऑर्डरी घेणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. आता तो सदाशिव पेठेत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने तो डिझायनरला पाठवून 'असंच करा' म्हणून सांगितलं. तसं केलं तर ऐन दिवाळीत तिचे दर कुणाला धड वाचता येणार नाहीत. म्हणून हे उत्तर.

नियम १ म्हणतो: 'मराठी मजकूर इमेज करून टाका. फॉन्ट तुटत नाही, पान क्लीन दिसतं.'

सहांतला हा सगळ्यात घातक. पोस्टर सहसा १०८० पिक्सेल रुंद बनवतात. फोनच्या पडद्यावर ते वेबच्या मापाने साधारण ३६० पिक्सेलांत बसतं, म्हणजे तिसरा हिस्सा. पोस्टरमध्ये ३० पिक्सेलचं अक्षर फोनवर १० पिक्सेलचं झालं. मग माणूस दोन बोटांनी ताणून वाचतो, ओळ पडद्याबाहेर जाते, दर एकीकडे आणि पदार्थ दुसरीकडे. खरा मजकूर असता तर ओळी आपोआप मोडून पडद्यात बसल्या असत्या. चित्रातल्या फोन नंबरावर टॅप करून कॉल लागत नाही. पत्ता कॉपी होत नाही. 'अनारसे सदाशिव पेठ' असं शोधणाऱ्याला ते पान सापडण्याची शक्यता कमी होते. ज्यांना दिसत नाही ते टॉकबॅकवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीवर, पान ऐकतात. त्यांना चिवड्याच्या दराऐवजी बहुधा नुसतं 'इमेज' ऐकू येतं. आणि दर ५ रुपयांनी बदलला की पोस्टर पुन्हा करा. फाइलच्या वजनाचंही बघा: यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे हजार चिन्हांची अख्खी यादी सुमारे ३ केबी. पोस्टर सहज काहीशे केबींचं होतं.

फॉन्ट तुटायचे हे मात्र खरं होतं, ते मान्य. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या कोडवर बसवलेली असत. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की भलतीच चिन्हं दिसत. चित्र टाकायची सवय तिथली. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे आणि आजच्या फोनात देवनागरी फॉन्ट मुळातच असतो. अजूनही मजकूर तुटत असेल तर तो डीटीपीवाल्याच्या जुन्या फाइलमधून थेट चिकटवलेला असण्याची शक्यता जास्त. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर चुकतो तो तिथेच.

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं नाही. वेबचे मानक ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था डब्ल्यूसीएजी नावाचे निकष काढते. त्यातला १.४.५ सरळ सांगतो की मजकुराचं चित्र करू नका, लोगो सोडून. तुमचं पान तपासायचं तर दरावर बोट दाबून धरा. अक्षरं निवडली गेली तर मजकूर आहे, नाही तर बहुधा चित्र.

नियम २: 'फिकट राखाडी, बारीक अक्षर प्रीमियम वाटतं.' त्याच निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद फरक) लागतो, मोठ्या अक्षराला ३ : १. पांढऱ्यावर ९९९९९९ या रंग-कोडचा राखाडी जेमतेम २.८५ देतो, म्हणजे मोठ्या शीर्षकालाही नापास. ७६७६७६ काठावर पास होतो, ४.५४ ने. ३३३३३३ घ्या, १२ च्या वर जातो आणि काळाकुट्टही वाटत नाही. दुपारच्या उन्हात लक्ष्मी रोडवर उभं राहून फोन बघणाऱ्याला हाच फरक जाणवतो. देवनागरीत बारीक वजनाचा फॉन्ट आणखी त्रास देतो, कारण काना-मात्रा, रफार, अनुस्वार आधीच नाजूक. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) ही दोनच वजनं लोड करा, अक्षर १७-१८ पिक्सेल.

नियम ३, 'अक्षरांत अंतर सोडा', हा रोमन कॅपिटलांचा नियम उचलून आणलाय. आपल्याकडे शिरोरेषा आहे. लेटर-स्पेसिंग वाढवलं की ती तुकड्यातुकड्यांत तुटते. ते शून्य ठेवा. अंतर द्यायचंच तर ओळींमध्ये द्या, अक्षराच्या १.६ ते १.७५ पट. 'मूर्ती' हा शब्द बघा: वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार. १.३ च्या ओळीत तो वरच्या-खालच्या ओळींना भिडतो. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टात सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात.

नियम ४: 'पहिल्या स्क्रीनवर एक फोटो, एक वाक्य, बस.' मोकळी जागा हवीच, आपोआप सरकणाऱ्या फोटोंचे स्लायडर काढा हेही बरोबर. पण काय मिळतं, कुठल्या पेठेत, किती वाजता आणि फोन या चार गोष्टी वरच हव्यात. दुपारी १ ते ४ बंद असेल तर तेही तिथेच लिहा, नाही तर माणूस कुलूप बघून परत जातो.

नियम ५, मेनू तीन रेघांमागे लपवा: पाचच दुवे असतील तर उघडे ठेवा. बटण डब्ल्यूसीएजी २.२ प्रमाणे किमान २४ × २४ पिक्सेल. बोटाला ४८ बरं.

नियम ६, 'सगळं तीन क्लिकमध्ये'. क्लिक मोजू नका. दुव्यावर 'अधिक माहिती' न लिहिता 'फराळाचे दर' लिहा, माणूस चौथी क्लिकही न कुरकुरता करतो.