अठरा नावांची यादी

दिवाळीत सांगलीला गेले होते. विश्रामबागच्या घरी टेबलावर भडंगाच्या वाटीशेजारी एक छापील यादी पडली होती. अठरा विद्यापीठं, त्यातली अकरा जर्मनीतली आणि सात अमेरिकेतली. ताईचा मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशी मास्टर्सच्या अर्जांसाठी एका सल्लागारानं त्याला ती करून दिली होती.

"मावशी, भरून टाकतो की सगळीकडं. कुठंतरी लागंलच."

दाजींनी मान डोलावली. ताई म्हणाली, "वर्ष वाया जायला नको, बास."

मी यादी वाचून काढली. अठरा नावांत चार वेगळे विषय होते: कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स, मेकॅट्रॉनिक्स, अक्षय ऊर्जा आणि इंजिनिअरिंग मॅनेजमेंट. यातलं नक्की काय शिकायचंय असं विचारलं तर तो म्हणाला, "ते प्रवेश मिळाल्यावर ठरवू."

त्याला दोष देणार नाही. बारावीनंतर कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरताना त्यानं हेच केलं होतं. तिथं तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात आणि जितके टाकाल तितकं बरं, हे खरंच आहे. सगळ्या पर्यायांना सीईटीचे तेच गुण लागतात, वाटप संगणक करतो आणि दोनशेव्या पर्यायाला वेगळा रुपया लागत नाही. एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेचंही तसंच, एकदा दिलेला स्कोअर तीन वर्षं चालतो. 'जास्त फॉर्म म्हणजे जास्त सुरक्षित' हे गणित त्यामुळं आपल्या घराघरांत पक्कं बसलंय. परदेशी मास्टर्सला तेच लावलं की नुकसान होतं, कारण तिथं प्रत्येक अर्ज वेगळा, त्याची फी वेगळी आणि तो वाचणारा माणूसही वेगळा.

हे मी अनुभवानं सांगते. बारा वर्षांपूर्वी मी तेरा ठिकाणी अर्ज केले होते. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. तेव्हा जर्मनीला गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती पोस्टानं पाठवाव्या लागत. बाबांनी नोटरीकडून संच करून आणले. रात्री जमिनीवर सतरंजी टाकून आम्ही दोघं ते लावत बसलो होतो. प्रत्येक पानावर लाल सील, आणि ओल्या शाईचा डाग पलीकडच्या पानावर उमटू नये म्हणून मधे वर्तमानपत्राचा तुकडा. प्रत्येक पाकिटाचा खर्च बाबा आपल्या वहीत लिहीत होते, हळदीच्या पोत्यांचा लिहीत तशाच अक्षरात. एसओपी, म्हणजे हाच विषय का शिकायचाय हे सांगणारं निवेदन, मात्र मी सगळीकडं एकच पाठवली, फक्त विद्यापीठाचं नाव बदलून.

तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. त्यातली दोन नावं मी केवळ आकडा वाढावा म्हणून घातली होती. त्यातल्याच एकाचं पत्र सगळ्यांत आधी आलं आणि हातचं जाईल या भीतीनं मी होकार कळवला. दोन वर्षं नको असलेल्या विषयात घातली, आणि तिथून मला हव्या त्या कामापर्यंत पोचायला आणखी चार वर्षं लागली. 'सेफ' म्हणून भरलेल्या जागेची ही किंमत सांगलीत कुणी मोजत नाही, कारण प्रवेश मिळाला की पेढे वाटून विषय संपतो.

आज मी श्टुटगार्टला एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. इथून बघताना कळतं की ती अठरा नावं करणाऱ्यानं प्रवेशाचे नियम वाचलेलेच नाहीत. जर्मनीतली बरीच विद्यापीठं बी.ई.ला कोणत्या विषयाचे किती क्रेडिट झाले हे तपासतात. गणितात किंवा मेकॅनिक्समध्ये ठरलेले क्रेडिट भरले नाहीत, तर सीजीपीए साडेनऊ असला तरी अर्ज बाहेर पडतो. जर्मनीत शिक्षण फुकट, असं दाजी म्हणाले. पण आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. यादीत या राज्यातली चार नावं होती. तीन नावं खासगी विद्यापीठांची होती, आणि बरीच खासगी विद्यापीठं प्रवेशामागे सल्लागाराला कमिशन देतात.

मग आम्ही हिशेब मांडला. युनि-असिस्ट ही संस्था अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासते. तिच्यामार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे खासगी तीन सोडून जर्मनीतल्या आठ अर्जांचे २८५. अमेरिकेत अर्जाला साधारण शंभर डॉलर धरले तर सातांचे सातशे. वर जर्मनीसाठी आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये. विमानाचं तिकीट काढायच्या आधीच लाख रुपये गेले. शिवाय अमेरिकेच्या प्रत्येक अर्जासाठी सरांना वेगळी लिंक येते आणि शिफारसपत्र वेगळं चढवावं लागतं. रात्री घरी बसून सातव्यांदा तेच करणारे सर त्यात किती जीव ओततील?

ताईची भीती मात्र खोटी नाही. सगळीकडून नकार आला तर? जर्मनीत पंचविशीत दोन वर्षं नोकरी करून मग मास्टर्सला येणारी मुलं मी रोज बघते, त्यांना कुणी काही विचारत नाही. आपल्याकडं वर्ष गेलं की शेजारपाजारचे विचारतात आणि कर्ज देणारी बँकही विचारते. म्हणून दोन-तीनच नामांकित विद्यापीठं धरून बसणंही मला पटत नाही. खात्रीचं एखादं नाव हवंच, पण तिथून पत्र आलं तर मुलगा आनंदानं बॅग भरेल असं हवं. अमेरिकेतल्या पीएच.डी.ची गोष्ट वेगळी. तिथं प्राध्यापकाकडं निधी आहे की नाही यावर सगळं अवलंबून असतं. २०२५ मध्ये संशोधनाचा सरकारी पैसा कापला गेला तेव्हा काही विद्यापीठांनी प्रवेशच कमी केले. तिथं दहा अर्ज केले तरी मी हात धरणार नाही, फक्त विषय एकच हवा.

भाच्याला मी एवढंच करायला लावलं. प्रत्येक नावासमोर लिहायचं: फक्त इथूनच होकार आला तर मी जाईन का? तो पेन घेऊन गच्चीवर गेला. तासाभरानं खाली आला तेव्हा मॅनेजमेंटची सगळी नावं खोडलेली होती, खासगी तिन्ही गेलेली होती आणि अमेरिकेतलं एकच उरलं होतं. सहा नावं. सातव्यासमोर, अक्षय ऊर्जेच्या एका अभ्यासक्रमासमोर, प्रश्नचिन्ह होतं. ताईनं यादी हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि काही न बोलता फ्रिजला लावून ठेवली.

त्या प्रश्नचिन्हासाठी रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसणार आहोत. दोन्ही वर्षांचे विषय तो मला एकेक करून वाचून दाखवणार आहे.